मेटल गिअर सॉलिड २ : बर्फाचं कौतुक पुरे, वॉकीटॉकीबद्दल बोला

खाडीपलीकडचा (ठाणे)

(स्पॉयलर भरपूर आहेत. गेम २००१ सालचा आहे, तरी सांगून ठेवतो. ज्यांना कोऱ्या पाटीने खेळायचाय त्यांनी इथूनच मागे फिरावं.)

'मास्टर कलेक्शन'चा पहिला खंड २०२३च्या ऑक्टोबरात आला. तेव्हापासून आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'मेटल गिअर सॉलिड २'चा विषय निघाला की दोनच वाक्यं येतात. पहिलं, "त्या काळात काय ग्राफिक्स होते यार!" दुसरं, गेमच्या दिग्दर्शकाबद्दल, "कोजिमाने सोशल मीडिया वीस वर्षं आधी ओळखला होता." दोन्ही खरी आहेत. पण आता दोन्ही इतकी घासली गेलीत की ती म्हणायला गेम खेळलेला असायचीसुद्धा गरज उरलेली नाही.

समीक्षकांनी या गेमला डोक्यावर घेतलं होतं. परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर १००पैकी ९६. प्लेस्टेशन २वर त्याच्या वर गेलेले गेम हाताच्या बोटांवर मोजावेत. त्या कौतुकाचं मूळ ई-थ्री २००० या गेम-प्रदर्शनातल्या ट्रेलरमध्ये आहे. भर पावसात जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून नायक स्नेक खालच्या टँकरवर उडी घेतो, तिथून पुढे सगळं थक्क करणारं. बाटली जिथे गोळी लागेल तिथेच फुटते. टँकरच्या लाउंजमध्ये बर्फाची बादली आहे. तिच्यावर नेम धरला तर खडे सांडतात आणि बघता बघता वितळतात. प्रत्येकाने हे बर्फाचं लिहिलं. अजूनही लिहितात.

माझं म्हणणं एवढंच आहे की बर्फ ही हातचलाखी आहे. चांगली आहे, पण तिच्यावाचून गेमचं काही अडत नाही. ज्याच्यावाचून अडतं ती गोष्ट गार्डच्या कमरेला लटकलेली आहे.

टँकरनंतर बिग शेल या समुद्रातल्या कारखान्यावर पोचल्यावर एका गार्डला एम९ पिस्तुलाने भुलीचा डार्ट मारा. डोक्यात बसला तर जागच्या जागी आडवा, हातापायात बसला तर थोडा वेळ घेतो. पहिल्या भागात गार्ड एकदा आडवा झाला की त्याचा विषय संपायचा. इथे तुम्ही त्याला ओढत नेऊन लॉकरमध्ये कोंबता, हात झटकता, आणि तेवढ्यात त्याचा वॉकीटॉकी बोलायला लागतो. मुख्यालयाची ठरलेली विचारपूस. उत्तर नाही. परत विचारणा. तरीही उत्तर नाही म्हटल्यावर चौकशीला माणसं निघतात. त्यांना काही वावगं दिसलं की ढाली घेतलेली तुकडी उतरते आणि खोल्या पद्धतशीर धुंडाळते, लॉकर उघडून बघते.

एक माणूस चुकवणं सोपं असतं, हजेरीपट चुकवणं अवघड. तोवरच्या बहुतेक लपाछपीच्या खेळांत शत्रू म्हणजे फिरत्या डोळ्यांची जोडी असायची. इथे त्या डोळ्यांच्या मागे कार्यालय आहे आणि ते वेळच्या वेळी फोन लावतं. म्हणून गार्डच्या कमरेच्या वॉकीटॉकीवरच गोळी घालायची सोय ठेवली आहे. तो धडधाकट उभा असतो, पण त्याची बातमी वर जात नाही.

आता रडार. पहिल्या भागात रडार फुकट होतं. इथे प्रत्येक विभागातला नोड (कॉम्प्युटर टर्मिनल) शोधून लॉगिन करावं लागतं, तेव्हा कुठे नकाशा दिसतो. पहिल्या नोडवर गेम तुमची माहिती भरून घेतो. नाव, जन्मतारीख, रक्तगट. आपण नेहमीसारखं काहीतरी टाकून 'ओके' म्हणतो, कारण आपल्याला नकाशा हवा असतो. आणि अगदी शेवटी, सगळं उरकल्यावर, मॅनहॅटनच्या रस्त्यात रेडन, म्हणजे बिग शेलवर आपण ज्याला खेळवतो तो, गळ्यातला डॉग टॅग (सैनिकाची ओळखपट्टी) हातात घेऊन बघतो. त्यावर तुम्ही भरलेलं नाव असतं. तो ते भिरकावून देतो.

याची सांगड बघा. गार्ड वर हजेरी देतो. रेडन वायरलेसवरून हुकूम देणाऱ्या कर्नलला हजेरी देतो. आपण नोडला हजेरी दिली. कर्नल खरा माणूस नव्हताच, जीडब्ल्यू नावाच्या यंत्रणेने उभा केलेला आवाज होता, हे कळतं तेव्हा सगळे त्या रेडनला हसतात. हसणाऱ्यांनीही तोवर त्या आवाजाचं प्रत्येक फर्मान निमूटपणे पाळलेलं असतं. पुढे जायला दुसरी वाटच नव्हती. 'माहितीचा पूर, खोट्या बातम्या' वगैरे जे शेवटच्या संभाषणात तोंडाने सांगितलंय ते लोक उचलून धरतात. पण ते सांगायच्या कितीतरी आधी गेमने ते आपल्या बोटांकडून करवून घेतलेलं असतं. माझ्या मते ९६ कशाला द्यायचे असतील तर याला.

दोष आहेतच. कोडेकवरची (गेममधल्या वायरलेसवरची) बडबड हाताबाहेर जाते. एमा या पोरीला हाताला धरून पाण्याखालून न्यायचा भाग ज्याने लिहिला त्याला तोच भाग जन्मभर खेळायला लावावा. आणि कथा शेवटच्या तासात इतक्यांदा उलटते की कोण कोणाचं हे वहीत लिहून ठेवावं लागतं.

तुम्हाला या गेममध्ये काय थोर वाटलं? बर्फ सोडून.

---

सानपाडा_लोकल

पहिला! वाचतोय. स्पॉयलरचं बघून अर्ध्यातच थांबलो, कारण गेम विकत घेऊन पडलाय आणि अजून सुरू केलेला नाही. थेट दुसऱ्या भागापासून सुरू केलं तर चालेल की आधी पहिला संपवू? रोज ट्रान्सहार्बरने ये-जा, हातात वेळ फक्त रविवारी.

---

अर्धवट_चहा

@सानपाडा_लोकल, पहिला खेळच. दुसऱ्याचा अख्खा डाव पहिल्यावर बेतलाय, का ते सांगत नाही.

बाकी धागाकर्त्याने मुद्द्याचं सोडलं. बिग शेलच्या पुलांवर समुद्रपक्ष्यांनी घाण केलेली असते आणि तिच्यावरून पळालं की रेडन पाय घसरून आपटतो. शिवाय एका ठिकाणी कठड्याला लटकून चाललेलो असताना वरचा गार्ड निवांतपणे खाली लघुशंका करतो. हे ज्याने बारकाईने बनवलं त्याला माझे ९६.

---

अर्धवट_चहा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला.

---

मोरा_बंदर (उरण)

बंदराच्या कामात हयात गेली, त्यामुळे माझा प्रतिसाद जरा वेगळ्या बाजूने. गेम मुलाचा, पण रात्री तो झोपला की कंट्रोलर माझा.

टँकरबद्दल बोलू. सिनेमात जहाज म्हणजे लांबलचक बोळ आणि लाल दिवा. इथे ज्याने जहाज रचलं तो जहाजावर फिरलेला असावा असं वाटतं. डेकवरून आत शिरलं की पावसाचा आवाज दबतो आणि यंत्राची घरघर वाढते. इंजिन रूममध्ये वर-खाली जाळीचे मजले आहेत, वरचा माणूस खालच्याला जाळीतून दिसतो, आणि लपणाऱ्याला नेमकं हेच नडतं. शत्रूपक्षातल्या ओल्गाबरोबरची चकमक आठवा. वारा सुटलाय, ताडपत्री फडफडतेय आणि बाई तिच्या आडून गोळ्या घालतेय. ताडपत्री जिथे बांधलीय तिथे गोळी घातली की ती वाऱ्याबरोबर सुटून समुद्रात जाते. पावसाळ्यात उघड्या डेकवर नीट न बांधलेली ताडपत्री आवरताना ज्याचे हात सोलवटलेत त्याला याचं अप्रूप जास्त.

बिग शेलची गोष्ट निराळी. कथा अशी की टँकर बुडाला, तेल सांडलं, ते साफ करायला समुद्रात हा षटकोनी कारखाना उभा केला. २०१०च्या ऑगस्टात मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' एकमेकांवर आदळली तेव्हा आम्ही इथेच होतो. चित्रा कलंडली, कंटेनर पाण्यावर तरंगत सुटले, बंदराची वाहतूक काही दिवस बंद पडली. इंधनाचं तेल ओहोटीला पार तिकडे आणि भरतीला परत इकडे. तिवरांच्या मुळांना काळा चिकट थर, कोळ्यांची जाळी वाया. तेल अडवायचे तरंगते बांध टाकले तरी लाट जरा चढली की तेल वरून पलीकडे. तेल कुणासाठी एका जागी थांबत नाही.

म्हणून बिग शेल बघितल्यावर माझं पहिलं मत हे की लेखकाला यातलं काही कळत नाही. सांडलेल्या जागीच दोन वर्षं कारखाना चालवून काय साफ करणार? स्ट्रट डी या विभागात गाळाची टाकी आहे, एमध्ये पंप आहेत, दिसायला सगळं ठीक. पण पाणी बघा. आणि पक्षी बघा, अर्धवट_चहा म्हणतात ते. जिथे एवढी गळती झालीय तिथे पक्षी इतके मजेत?

पुढे गेमनेच सांगितलं. साफसफाई हा बहाणा, खाली आर्सेनल गिअर हे अवाढव्य युद्धयंत्र बांधत होते. तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवला आणि मुलाला उठवून सांगितलं. तो शिव्या घालून परत झोपला.

एमा ज्या तेलबांधावरून चालत जाते आणि आपण लांबून बंदुकीने तिची राखण करतो, तो मला या गेममधला सगळ्यात ताणाचा प्रसंग वाटतो. पाण्याखालून न्यायच्या भागाबद्दल धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत.

---

खाडीपलीकडचा

@मोरा_बंदर, दंडवत. असा प्रतिसाद यावा म्हणून तर धागा काढतात. तेलाचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

---

गोखलेरोडवाली (ठाणे)

माझं पोट व्हिडिओ एडिटिंगवर चालतं, त्यामुळे या गेमबद्दल 'सिनेमासारखा, सिनेमासारखा' ऐकलं की हात शिवशिवतात. काही भाग सिनेमासारखा आहे, ठीक. संगीताला हॉलिवूडचा हॅरी ग्रेगसन-विल्यम्स, सुरुवातीची नामावली काइल कूपरची. टँकरचा पूर्वार्ध तर कापणी, कॅमेरा, पाऊस सगळ्याच बाबतीत देखणा.

पण ज्या प्रसंगांसाठी हा गेम लोकांच्या लक्षात राहिला ते प्रसंग आठवून बघा. कर्नल बिघडतो तो प्रसंग. शेवटचं ते लांबलचक बोलणं. सगळं कोडेकवर! पडद्यावर काय आहे? काळी पार्श्वभूमी, हिरव्या चौकटीत दोन चेहरे, ओठ हलताहेत. कॅमेरा नाही, हालचाल नाही, कट नाही. हा सिनेमा नाहीच. ही श्रुतिका आहे. आजीच्या घरी आकाशवाणीवर जी लागायची तीच जात. आवाजावर सगळं. कर्नलचा आवाज तोच, ढब तीच, आणि मधेच तो भलतंच बोलतो, मग परत सरळ, मग गेम बंद करायला सांगतो. रात्री हेडफोन लावून एकट्याने ऐकलं तर घाम फुटतो, आणि त्यात डोळ्यांना काहीही दाखवलेलं नाही.

समीक्षकांनी चित्राला गुण दिले आणि आवाजाला 'बडबड' म्हणून गुण कापले. धागाकर्तेही तेच करताहेत, जरा विचार करा. हजेरीचा जो मुद्दा तुम्ही मांडलात त्याचं टोक कोडेकवरच येतं. ती बडबड नसती तर कर्नलची सवय लागली नसती, आणि सवय नसती तर बिघडल्याचं काहीच वाटलं नसतं.

आता तक्रार. रेडनची मैत्रीण रोझ. गेम सेव्ह करायला जावं तर ही बाई. "आज काय तारीख आहे आठवतंय का?" शत्रूच्या तळावर, गुडघाभर संकटात, ३० एप्रिलला आपण पहिल्यांदा भेटलो ते आठवत नाही म्हणून रुसवा. मला सांगतात, "अगं, ते मुद्दाम आहे, तीसुद्धा यंत्रणेचाच भाग." असेल. पण बायकोचा किंवा मैत्रिणीचा रुसवा हे छळाचं साधन म्हणून वापरायला सगळ्यात सोपं वाटलं यातच लिहिणाऱ्याची नजर कळते. एमाचंही तेच. एवढी हुशार पोरगी, जीडब्ल्यूला बिघडवणारा तो सगळा कॉम्प्युटर विषाणू तिने लिहिलेला, आणि गेमने तिला काय दिलं? पाण्याची भीती, किड्यांची भीती, हाताला धरून फरफट आणि मग मरण. ओल्गा एकटी ताठ उभी आहे, आणि तिलाही शेवटी पोटच्या पोरीच्या जिवासाठीच मरायला लावलं. या बाबतीत २००१मध्ये एकाही परीक्षणात मला ओळभरसुद्धा सापडली नाही, ९६ गुणांच्या गर्दीत.

---

नाईट_शिफ्ट (ऐरोली)

लहान तोंडी मोठा घास घेतोय, सांभाळून घ्या. मी 'मेटल गिअर सॉलिड ५'पासून सुरुवात केली. तिथून मागे येऊन हा खेळलो आणि प्रामाणिकपणे सांगतो, कंटाळलो. कॅमेरा छताला चिकटवल्यासारखा, समोरचा गार्ड बघायला प्रथमपुरुषी नजरेत (पात्राच्या डोळ्यांनी बघायला) जा, तिथे चालता येत नाही, परत बाहेर या. ज्या वॉकीटॉकीवर तुम्ही निबंध लिहिलात ती व्यवस्था पाचव्या भागात आहेच, आणि जास्त मोकळी आहे. तिथे मी चौकीची संपर्कयंत्रणाच उडवून देतो, मग अख्खी चौकी बहिरी. कुठल्या क्रमाने जायचं, दिवसा की रात्री, सगळं माझ्यावर.

शेवटी तर कंट्रोलर मांडीवर ठेवून फक्त बघत बसलो. चहा करून आलो तरी बोलणं चालूच. तुम्ही सगळे ज्याला थोर म्हणताय ते मला 'खेळू न देणं' वाटतं. गेमचं कौतुक करताना तो खेळायला कसा आहे हे पहिलं यायला नको का?

---

तलावपाळी (ठाणे)

@नाईट_शिफ्ट, अरे, तुझा कंटाळा तेव्हाही होता. २००१मध्ये लोक चिडले ते ज्यासाठी, ती गंमत आज कळणार नाही. जाहिरातीत सगळीकडे स्नेक. 'झोन ऑफ द एंडर्स'बरोबर टँकरचा डेमो दिला होता, त्या गेमचा खप म्हणे त्या डेमोपायीच झाला. लोक स्नेक खेळायचा म्हणून पैसे मोजून घरी घेऊन आले, दोन-तीन तासांत टँकर बुडाला आणि उरलेला अख्खा गेम एका सोनेरी केसांच्या नवशिक्या पोराच्या गळ्यात. कोजिमाने रेडनला शेवटपर्यंत झाकून ठेवलं होतं. आजच्या जमान्यात असं गुपित आठवडाभरही टिकणार नाही.

आमच्याकडे बहुतेकांनी तो 'सब्स्टन्स' या वाढीव आवृत्तीत पीसीवर बघितला, तो २००३मध्ये आला. कॉम्प्युटर कुणा एकाचा आणि मागे खुर्च्या टाकून बसलेले चौघं-पाचजण. टँकर संपल्यावर "चल, आता स्नेक परत कधी येतो बघू" म्हणून सगळे थांबलेले. येतो, पण प्लिस्किन नावाने, आणि आपण त्याच्याकडे बाहेरून बघतो. आज मला ती युक्ती जबरदस्त वाटते, कारण स्नेक किती भारी आहे हे स्नेक होऊन कधीच कळत नाही. शेजारी उभं राहिल्यावर कळतं. तेव्हा मात्र आमच्यातल्या एकाने उठून मशीनच बंद केलं होतं.

शेवट तुकड्यातुकड्यांचा वाटतो त्याला कारण आहे. ११ सप्टेंबरचा हल्ला झाला तेव्हा गेम जवळजवळ तयार होता. आर्सेनल गिअर मॅनहॅटनमध्ये घुसतं तो प्रसंग काढून टाकावा लागला. म्हणून एका क्षणी आपण जहाजावर आणि पुढच्या क्षणी थेट फेडरल हॉलच्या छतावर. ती जागा उगाच निवडलेली नाही. जॉर्ज वॉशिंग्टनने १७८९च्या ३० एप्रिलला तिथेच अध्यक्षपदाची शपथ घेतली, आणि गेममधली तारीखही ३० एप्रिल. आता गोखलेरोडवाली यांच्या रोझचा प्रश्न परत बघा. ती तारीख विचारते ती नुसती रुसव्यासाठी नाही.

---

गोखलेरोडवाली

@तलावपाळी, तारखेची सांगड माहीत होती. सांगड सुंदर आहे, रोझ तरीही वाईट लिहिलीय. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

---

खाडीपलीकडचा

@गोखलेरोडवाली, श्रुतिका! हे मी आता सगळीकडे वापरणार, नाव तुमचं देऊन. कोडेक लांबतं हे माझं मत कायम आहे. बॉम्ब कसा निकामी करायचा ते एकदा सांगितलं की पुरे असतं, तिथे चार वेळा सांगतात. पण कर्नलच्या बाबतीत सवय लागणं गरजेचं होतं हे मान्यच. रोझ आणि एमाबद्दल वाद घालत नाही, तुमचं बरोबर आहे.

@नाईट_शिफ्ट, तुझा मुद्दा हलका नाही, पण त्यातला थोडा दोष तुझ्या हातातल्या कंट्रोलरचा आहे. प्लेस्टेशन २च्या बटणांना दाब कळायचा. खऱ्या गोळ्यांच्या सोकॉम पिस्तुलाचं चौकोनी बटण दाबलं की पिस्तूल रोखलं जायचं, झटक्यात सोडलं की गोळी सुटायची आणि हळूहळू सोडलं तर पिस्तूल न झाडता खाली यायचं. गार्डच्या मागे गेलात, 'फ्रीझ' म्हटलंत, त्याने हात वर केले. आता तुमचा अंगठा बटणावर आहे आणि तो नीट उचलला नाही तर माणूस मरतो. डॉग टॅग मिळवताना ही धाकधूक दर वेळी. आजच्या कंट्रोलरच्या त्या बटणांना दाब कळत नाही, त्यामुळे नव्या आवृत्तीत ते काम दुसऱ्या बटणावर टाकलंय. चालतं, पण अंगठ्यातली भीती गेली.

पाचव्या भागात मोकळीक जास्त आहे हे उघड आहे. पण तिथे चौकी बहिरी केली की तुला बरं वाटतं, एवढंच. वर कोण ऐकत बसलंय याचा त्या कथेला काही फरक पडत नाही. इथे पडतो. आणि 'खेळू न देणं' म्हणतोस तर ती 'फिशन मेल्ड'ची पाटी आठव. मारामारीच्या ऐन मध्यात गेम संपल्याची पाटी येते, तीही अक्षरं उलटीपालटी करून, आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत मारामारी चालूच असते. किती जणांनी तिथे कंट्रोलर ठेवून दिला असेल! ज्याने पाटीवर विश्वास ठेवला तो मेला, ज्याने चौकटीकडे बघितलं तो वाचला. हे तर खेळूनच कळतं ना?

---

नाईट_शिफ्ट

तिथे मी मेलो होतो. :D

ठीक आहे, तो भाग भारी होता, ते मान्य. बाकी मत तेच. ९६ नाही, माझ्याकडून ८०.

---

मोरा_बंदर

८० पण कमी नाहीत बाळा. आमच्या काळी ६० म्हणजे पेढे.

---

अर्धवट_चहा

कपडे काढून घेतल्यावर रेडन दोन्ही हातांनी लाज झाकत आर्सेनल गिअरमध्ये पळतो, आणि नेमक्या त्याच वेळी कर्नलचं डोकं फिरतं, याचा उल्लेख एवढ्या मोठ्या धाग्यात कुणीच केला नाही. सगळे सभ्य झालात. त्या अवस्थेतही त्याला कोलांटी मारता येते, आणि मी ती मारून बघितली, एवढंच नमूद करतो.

---

सानपाडा_लोकल

धागा वाचायचा नाही असं ठरवलं होतं, पण पहिला भाग संपवून दुसरा सुरू केला आणि अडकलो, म्हणून डोळे किलकिले करून फक्त खाली आलोय. टँकरच्या तळाला मरीन्सची सभा भरलीय, त्यांचा साहेब भाषण देतोय, मला मेटल गिअर रे या युद्धयंत्राचे फोटो काढायचेत. दर वेळी कुणीतरी मान वळवतो आणि बोंब होते. भाषण संपायच्या आत करायचंय म्हणतात. काय करू?

---

खाडीपलीकडचा

घाई करू नकोस, वेळ पुरतो. सगळे मरीन्स पडद्याकडे तोंड करून उभे आहेत, त्यामुळे मागच्या बाजूने सरपटत जा, उभा राहून पळालास की आवाज होतो. प्रोजेक्टरच्या समोरून चुकूनही जाऊ नकोस. कुणी मान वळवायला लागला की जागीच थांब. चार फोटो लागतात: समोरून, समोरून उजवीकडून, समोरून डावीकडून आणि अंगावरच्या 'मरीन्स' या अक्षरांचा. कॅमेऱ्याचा झूम वापर, फार जवळ जावं लागत नाही. मग तिथल्याच कॉम्प्युटरवरून स्नेकचा साथीदार ओटाकॉनला पाठव.

आणि हे चार पाठवायच्या आधी जहाजावरच्या एखाद्या पोस्टरचा फोटो काढून तोही पाठव. तो काय म्हणतो ते इथे येऊन लिही.